पोयाकचा द्राक्षमळा : सेंद्रिय शेतीची एक कसोटी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही जाणून आहो. वसंत ऋतूतल्या या ज्ञानसत्रात मद्याचे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की आम्ही मद्याची भलामण करण्यासाठी येथे उभे नाही. मद्य प्यावे की पिऊ नये, हा आजचा वादविषय नव्हे. आजचा विषय शेतीचा आहे, मातीचा आहे, आणि दिलेला शब्द पाळताना काय किंमत मोजावी लागते याचा आहे. बाटलीत काय भरले आहे यापेक्षा ती भरण्यापूर्वी मळ्यात काय घडले, तिकडे आपण लक्ष देणार आहो.

द्राक्ष हे मोठे नाजूक पीक. फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यांखालची जमीन एकंदर शेतजमिनीच्या चार टक्क्यांहूनही कमी आहे. पण त्या देशात शेतीवर मारल्या जाणाऱ्या औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधे एकट्या द्राक्षवेलींवर मारली जातात, असा हिशेब नेहमी सांगितला जातो. आपल्या नाशिक-सांगलीकडचा बागाईतदार हे ऐकून चकित होणार नाही. द्राक्षाची बाग म्हणजे फवारणी, हे त्याला पुरते ठाऊक आहे. अशा पिकाच्या बाबतीत एखाद्या नामांकित फ्रेंच मळ्याने ‘यापुढे रासायनिक औषध मारणार नाही’ असे ठरवले, तर त्या ठरावाचा अर्थ काय आणि तो निभावतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. असा एक मळा आम्ही आज उदाहरणादाखल घेतला आहे. त्याचे नाव शातो पाँते-काने.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस बोर्दो हे बंदराचे शहर आहे. त्याच्या उत्तरेस जिरोंद नावाची रुंद खाडी समुद्राला मिळते. या खाडीच्या डाव्या काठाने पसरलेल्या पट्ट्याला मेदोक म्हणतात, आणि मेदोकमधले एक गाव म्हणजे पोयाक. येथील जमीन पाहून आपल्याकडचा शेतकरी नाक मुरडील. काळ्या मातीचा पत्ता नाही. नदीने पूर्वी केव्हातरी वाहून आणलेले गोटे आणि वाळू यांचे उंचवटे, एवढेच दिसते. पण द्राक्षवेलीला हीच जमीन मानवते. पाणी साठून राहत नाही, दिवसा गोटे तापतात, आणि मुळांना ओलीच्या शोधात खोल जावे लागते. गहू जेथे धड पिकला नसता, तेथे जगातील अत्यंत महाग द्राक्षे पिकतात.

शातो या शब्दाचा मूळ अर्थ गढी किंवा वाडा. मेदोकमध्ये मात्र वाडा, त्याभोवतीचा मळा, द्राक्षे आंबवण्याची कोठारे आणि तळघर हे सगळे मिळून एक शातो होतो. पाँते-कानेचा पाया अठराव्या शतकाच्या आरंभी जाँ-फ्रांस्वा द पाँते या राजदरबारी अधिकाऱ्याने घातला. पुढे काने नावाची जमीन त्यात आली आणि जोडनाव रूढ झाले. १८५५ साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून बोर्दोच्या दलालांनी मेदोकच्या मळ्यांची पाच वर्गांत प्रतवारी लावली. बाजारात कोणाच्या मालाला किती भाव येतो, हाच त्यांचा मुख्य निकष होता. पाँते-काने पाचव्या वर्गात बसला. रस्त्यापलीकडचा शेजारी मुताँ-रॉथशिल्ड दुसऱ्या वर्गात होता, तो १९७३ साली पहिल्यात चढवला गेला. असा बदल इतका दुर्मिळ की प्रतवारी लागून पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी लोक याच एका बढतीचे उदाहरण देत असतात. थोडक्यात, त्या काळी जो पाचवा ठरला त्याचे नातू-पणतूही पाचवेच. जातिव्यवस्था काय ती आपल्याच देशात आहे, असे समजण्याचे कारण नाही!

१८६५ साली हा मळा क्रूझ नावाच्या मद्यव्यापारी घराण्याने घेतला आणि शंभरावर वर्षे तो त्यांच्याकडे राहिला. त्या काळात मळ्यातली वाइन पिंपांतून शहरातल्या पेढीवर जाई आणि तेथे बाटल्यांत भरली जाई. ग्राहकाचा विश्वास मळ्यावर कमी आणि पेढीवर जास्त, असा तो व्यवहार होता. १९७३ साली बोर्दोच्या व्यापारात भेसळीचे मोठे प्रकरण उघडकीस आले. दक्षिणेकडची हलकी वाइन बोर्दोच्या नावावर विकली गेली होती, आणि त्या खटल्यात क्रूझ पेढीवरही ठपका आला. १९७५ साली पाँते-काने विकला गेला. घेणारे गी तेसरों हे कोन्याक या मद्याचे व्यापारी. १९९४ पासून कारभार त्यांचे पुत्र आल्फ्रेद तेसरों यांच्याकडे आला. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की बाटलीवरची चिठ्ठी ही मुळात विश्वासाची गोष्ट आहे आणि तो विश्वास एकदा तुटला म्हणजे काय होते, हे या मळ्याला चांगले ठाऊक होते.

लाल वाइन होते कशी, हेही दोन शब्दांत सांगितले पाहिजे. काळ्या द्राक्षाचा गर बहुधा पांढराच असतो. रंग असतो तो सालीत. द्राक्षे फोडून रस सालीसकट टाकीत ठेवतात. सालीवर आणि कोठारात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात. ते रसातली साखर खातात आणि तिचे मद्यार्क व वायू करतात. रस आंबता आंबता साल आपला रंग व तुरटपणा त्याला देते. नंतर तो गाळून ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरत ठेवतात. पाँते-कानेमध्ये काबेर्ने सोव्हिन्यों या जातीचा भर आहे, त्याखालोखाल मेर्लो. २०१२ पासून त्यांनी पिंपांच्या जोडीला काँक्रीटचे रांजण वापरण्यास सुरुवात केली, आणि ते घडवताना मळ्यातलेच गोटे त्यात मिसळले. म्हणजे या सगळ्या व्यवहारात साल ही मुख्य वस्तू. संत्रे सोलून खाता येते, केळे सोलून खाता येते. येथे मात्र सालीवर जे काही मारले असेल ते तिच्याबरोबर टाकीत उतरते. म्हणूनच फवारणीचा प्रश्न लाल वाइनच्या बाबतीत अगदी गाभ्याचा आहे.

आता रोगांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला द्राक्षकरी आजच्या मानाने सुखी होता. मग अमेरिकेहून वनस्पतींची ने-आण वाढली आणि तिच्याबरोबर तीन पाहुणे आले. पहिली भुरी. तिने १८५०च्या सुमारास फ्रान्सचे मळे झोपवले. तिच्यावर गंधकाची भुकटी हा उपाय सापडला. दुसरी फायलोक्झेरा नावाची मुळांचा रस शोषणारी कीड. ती १८६०च्या दशकात दिसली आणि पुढच्या तीस वर्षांत तिने देशभरच्या मळ्यांची राखरांगोळी केली. शेवटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधावे, तेव्हा कुठे मळे पुन्हा उभे राहिले. रोग ज्या देशातून आला, त्याचा आधारही त्याच देशातून आला. आपल्या नाशिककडे बागाईतदार डॉगरिज खुंटावर कलम करतो, त्याचे कारण क्षार आणि पाण्याची टंचाई हे असले, तरी तो खुंट अमेरिकनच आहे.

तिसरा पाहुणा म्हणजे आपला बागाईतदार ज्याला केवडा म्हणतो तो रोग. फ्रान्समध्ये तो १८७८ साली ओळखला गेला. नाव सुगंधी, काम मात्र भयंकर. पानावर तेलकट पिवळे डाग पडतात, खालून पांढरी लव येते, पान गळते. घडाला लागला तर मणी तपकिरी पडून सुकतात. पाऊस आणि ऊब यांची गाठ पडली की तो दोन-चार दिवसांत मळाभर होतो. फ्रेंच द्राक्षकऱ्यांचा एक ‘तीन दहांचा’ आडाखा आहे : दहा अंश उष्णता, दहा मिलिमीटर पाऊस आणि दहा सेंटिमीटर वाढलेली फूट, एवढे जुळून आले की केवड्याची वेळ झाली.

या केवड्यावरचा उपाय पोयाकच्या शेजारच्याच गावात सापडला आणि तो सापडला चोरांच्या कृपेने. १८८२ सालच्या शरद ऋतूत बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे हे सँ-ज्युलियाँ गावच्या रस्त्याने जात होते. सगळीकडे वेली केवड्याने पर्णहीन झालेल्या, पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार! चौकशी करता कळले की जाणारे-येणारे लोक द्राक्षे तोडून खातात म्हणून मळेवाले रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळे पाणी शिंपडतात. विषारी दिसावे आणि चोराने हात लावू नये, एवढाच हेतू. मियार्दे यांनी त्यावरून सूत्र पकडले, प्रयोग केले आणि १८८५ साली उपाय प्रसिद्ध केला. तेच बोर्डो मिश्रण. आज तासगाव असो की पिंपळगाव, बागाईतदाराच्या पिंपात जे निळे पाणी कालवले जाते, त्याचे जन्मगाव मेदोक आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, मोरचूद अजून निवृत्त झालेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. घोडे गेले, ट्रॅक्टर आले. कोळपणी गेली, तणनाशक आले. मोरचुदाऐवजी कारखान्यात घडवलेली नवी बुरशीनाशके आली. त्यांतली कित्येक पानाच्या आत शिरतात. मोरचूद पानाच्या वरच बसतो आणि वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला की धुऊन जातो. आत शिरलेले औषध मात्र पावसाने धुपत नाही आणि दहा-बारा दिवस रखवाली करते. आणखी असे की मोरचूद रोग येऊ नये म्हणून मारायचा असतो. एकदा रोग आत घुसल्यावर त्याचा उपयोग नाही. नव्या औषधांपैकी काही रोग शिरल्यावरही दोन दिवसांपर्यंत त्याला थोपवतात. शेतकऱ्याला रात्री झोप लागू लागली, ही या औषधांची मोठी देणगी होती. ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण झोपेची किंमत दुसरीकडे वसूल होत होती. मळ्यातील माती घट्ट झाली, गांडुळे कमी झाली. खोडाच्या रोगावर वापरले जाणारे सोमलाचे एक संयुग फ्रान्सने २००१ साली बंद केले, कारण ते फवारणाऱ्यांच्या जिवावर उठत होते. २०१२ साली फ्रेंच सरकारने कंपवाताचा एक प्रकार, ज्याला पार्किन्सनचा रोग म्हणतात, तो औषधांशी वर्षानुवर्षे संबंध आलेल्या शेतकऱ्यांच्या बाबतीत व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. भाषेतली एक गंमत पाहा. आपल्याकडे शेतकरी ‘विष फवारले’ असे म्हणत नाही, ‘औषध मारले’ असे म्हणतो. औषध वेलीला, आणि मार कोणाला, हा प्रश्न त्या शब्दप्रयोगातच दडलेला आहे.

याला पर्याय शोधणारे लोक नव्हते असे नाही. आणि येथे आपल्या अभिमानाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले आणि १९२४ ते १९३१ पर्यंत होळकरांच्या इंदुरात त्यांनी संशोधन केले. शेतातला काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर लावून उत्तम खत करण्याची जी रीत त्यांनी बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे १९३१चे पुस्तक त्यांनी आपले सहकारी रसायनज्ञ यशवंत वाड यांच्यासह लिहिले. हे नाव आपल्या कानांना परके नाही. सेंद्रिय शेतीच्या शास्त्राचा एक मोठा झरा असा माळव्यातून निघाला आहे.

दुसरा झरा मात्र आपल्या आजच्या प्रसंगाशी जुळणारा आहे, कारण तो एका व्याख्यानमालेतून निघाला. १९२४ सालच्या जून महिन्यात रुडॉल्फ स्टायनर या तत्त्ववेत्त्याने तेव्हाच्या जर्मनीतील कोबरविट्झ गावी शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्याने दिली. शेत हा एक जिवंत देह आहे, त्याला बाहेरचे काही लागू नये, असा त्याचा विचार. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरावे, मग चिमूटभर घेऊन पाण्यात घुसळून शेतावर शिंपडावे, असे त्याचे काही विधी आहेत. गाय, शेण आणि शिंग हे शब्द ऐकून आपल्यापैकी काहींना ‘हे तर आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. या शिंगातील शेणाने साध्या सेंद्रिय शेतीपेक्षा काही निराळा लाभ होतो, असे शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. पण या पद्धतीने जाणारा शेतकरी मळ्यात रोज फिरतो, एकेक वेल पाहतो, खत स्वतः कुजवतो. आमच्या मते खरा लाभ त्या नजरेचा आहे.

पाँते-कानेमध्ये हा विचार व्यवस्थापक जाँ-मिशेल कोम यांनी आणला. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कोरिन यांनी आपल्या स्वतःच्या छोट्या मळ्यात ही पद्धत आधी करून पाहिली होती. २००४ साली तेसरों यांनी त्यांना चौदा हेक्टरांवर प्रयोग करू दिला. निकाल चांगला दिसला म्हणून २००५ पासून सगळा मळा, म्हणजे सुमारे एक्याऐंशी हेक्टर, आपल्या हिशेबाने दोनशे एकर, या पद्धतीखाली आला. मेदोकमधल्या इतक्या मोठ्या नामांकित मळ्याने असे करणे हे शेजाऱ्यांना वेडेपणाचे वाटले. समुद्र जवळ, हवा दमट, पाऊस केव्हाही. येथे हे चालायचे नाही, असे मत सर्वत्र होते.

२००७ साली निसर्गाने परीक्षा घेतली. वसंत व उन्हाळा पावसात गेला आणि केवडा उसळला. कोम यांचे म्हणणे होते की धीर धरावा. तेसरों हे मालक. वर्षाचे पीक त्यांच्या डोळ्यांपुढे जाऊ लागले. त्यांनी रासायनिक फवारणीचा हुकूम दिला. पीक हाती आले, पण सेंद्रिय प्रमाणपत्राचा मार्ग तुटला. द्राक्षमळ्याला हे प्रमाणपत्र मिळण्यासाठी आधी तीन वर्षे नियम पाळावे लागतात. एक फवारणी झाली की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या निर्णयाबद्दल तेसरों यांनी पुढे उघडपणे खेद व्यक्त केला. आम्हांला त्यांना नावे ठेवावीशी वाटत नाहीत. ज्याच्या डोळ्यांदेखत वर्षाचे उत्पन्न कुजत आहे, त्याला तत्त्व शिकवणे सोपे असते. त्याच्या जागी उभे राहणे अवघड असते.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट त्यापुढची आहे. ते परत फिरले. २००८ पासून ट्रॅक्टरच्या चाकांनी माती दबू नये म्हणून मळ्यात पुन्हा घोडे आणले. तीन वर्षांची मोजणी पुन्हा सुरू केली आणि २०१० साली प्रमाणपत्र मिळवले. मेदोकच्या १८५५च्या प्रतवारीतील मळ्यांत ते मिळवणारा हा पहिला मळा मानला जातो. पुढे इतरांनीही ही वाट धरली. पोयाकचाच पहिल्या वर्गातला शातो लातूर २०१८ साली सेंद्रिय म्हणून प्रमाणित झाला. २०२२पर्यंत फ्रान्सच्या द्राक्षक्षेत्रापैकी एक पंचमांशाहून अधिक क्षेत्र सेंद्रिय पद्धतीखाली आले किंवा त्या मार्गाला लागले. ज्याला वेडेपणा म्हटले, तो रिवाज होऊ लागला.

पण परीक्षा एकदाच येते असे थोडेच आहे! २०१८ साली जुलैपर्यंत पाऊस कोसळत राहिला आणि २००७पेक्षाही जबर केवडा आला. या वेळी रासायनिक फवारणी झाली नाही. पाँते-कानेचे सुमारे दोन तृतीयांश पीक गेले. ज्या मळ्यात हेक्टरी साडेतीन-चार हजार लिटर वाइन व्हावी, तेथे सुमारे एक हजार लिटर झाली. मार्गो गावचा शातो पामेर हाही याच पद्धतीचा मळा. त्याचीही तीच गत झाली. गंमत अशी की पुढे हवा कोरडी व तापलेली झाली, आणि जी थोडी द्राक्षे उरली ती फार उत्तम निघाली. पण त्या उत्तमतेने बुडालेले पीक भरून येत नाही.

श्रोतेहो, आमच्या व्याख्यानाचा मथितार्थ या दोन सालांच्या मध्ये आहे. २००७ आणि २०१८. मळा तोच, मालक तोच, रोग तोच. पहिल्या वेळी शब्द मोडला आणि पीक वाचले. दुसऱ्या वेळी पीक गेले आणि शब्द राहिला. चांगल्या वर्षी सेंद्रिय शेती कोणीही करील. कोरडी हवा असेल तर औषध न मारण्यात पुरुषार्थ कसला? ‘सेंद्रिय’ या शब्दाचे मोल वाईट वर्षी ठरते. आणि म्हणून त्या शब्दाबद्दल विचारण्याचा खरा प्रश्न ‘यात काय घातले नाही?’ हा नसून ‘वाईट वर्षाचा तोटा कोणी सोसला?’ हा आहे.

हा प्रश्न विचारला की दोन-तीन गोष्टी आपोआप उजेडात येतात. पहिली अशी की तेसरों यांना तोटा सोसता आला, कारण त्यांच्यापाशी सोसण्याची ताकद होती. त्यांची एक बाटली शंभर युरोंच्या आसपास विकली जाते. मागील सालांचा माल तळघरात असतो. घराण्याचा दुसरा व्यापार आहे. चार एकरांचा शेतकरी दोन तृतीयांश पीक गेल्यावर तत्त्वाला चिकटून राहील, अशी अपेक्षा करणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले वाढून आपण उदार होणे आहे. नाशिकचा बागाईतदार ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो आणि मग आभाळाकडे पाहत बसतो. अवकाळी पाऊस आला की पहाटे ब्लोअर घेऊन बागेत शिरतो. कर्ज त्याच्या डोक्यावर असते, घड त्याच्या डोळ्यांपुढे असतो. औषधांची दुसरी बाजू त्यालाही ठाऊक आहे : २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधक औषधाचा अंश सापडला, माल अडकला आणि हजारो बागाईतदारांचे कंबरडे मोडले. त्याला उपदेशाची गरज नाही. त्याला वाईट वर्षात वाटेकरी हवा आहे. तो वाटेकरी विमा असेल, सहकारी संस्था असेल किंवा थोडा जास्त भाव देणारा ग्राहक असेल.

दुसरी गोष्ट : सेंद्रिय म्हणजे सोवळे नव्हे. सेंद्रिय मळ्यात गंधक आणि मोरचूद चालतात. मोरचुदातले तांबे कुजत नाही, विरत नाही. ते मातीत साठत जाते आणि फार झाले की गांडुळांनाच मारक होते. बोर्दोच्या जुन्या मळ्यांत शतकभराचे तांबे साठलेले आहे. म्हणून युरोपात २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी अठ्ठावीस किलोग्रॅम तांबे, म्हणजे सरासरीने सालाला चार किलो, ही मर्यादा घातली आहे. ओल्या सालात ही मर्यादा पाळणे फार जड जाते. वाइन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाच्या संयुगांचेही असेच. २०१२च्या युरोपीय नियमांनी सेंद्रिय लाल वाइनमध्ये लिटरला शंभर मिलिग्रॅमपर्यंत त्यांना मुभा ठेवली. साध्या लाल वाइनला ती दीडशे आहे. म्हणजे कमी आहे, शून्य नाही. जो कोणी ‘पूर्ण शुद्ध’ असे ओरडून सांगतो, त्याच्यापेक्षा जो ‘इतके घातले, इतके घातले नाही’ असा हिशेब मांडतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

तिसरी गोष्ट अध्यक्षमहाराजांच्या मनात केव्हाची असेल. द्राक्ष सेंद्रिय असले तरी त्यातला मद्यार्क मद्यार्कच असतो. बोर्दोच्या लाल वाइनमध्ये तो शेकडा तेरा-चौदा असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की मद्याची अमुक मात्रा सर्वस्वी निर्धोक आहे असे म्हणता येत नाही. शेत निरोगी झाले, फवारणारा मजूर वाचला, गांडुळे परतली, ओढ्याचे पाणी सुधारले, हे सर्व खरे. पण पिणाऱ्याला त्यातून आरोग्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. सेंद्रिय शेती हा मातीशी आणि माणसाशी केलेला करार आहे, पेल्याशी केलेला नव्हे.

आता आपण विचाराल की मग पोयाकच्या त्या श्रीमंत मळ्याचे आपल्याला काय? आमचे उत्तर असे. उद्या बाजारात आपण सेंद्रिय गूळ घ्याल, सेंद्रिय तूरडाळ घ्याल, द्राक्षाची पेटी घ्याल. तिच्यावरचा शब्द वाचून समाधान मानू नका. मागल्या ओल्या सालात या शेतकऱ्याने काय केले, हे विचारा. त्याचा हिशेब कोणी तपासला, हे विचारा. आणि तिसरा प्रश्न स्वतःला विचारा : त्याचे वर्ष वाईट गेले, तेव्हा त्याच्या तोट्यात आपला वाटा किती होता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याने द्यायची आहेत. तिसऱ्याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे, आणि ते दिल्याशिवाय पहिल्या दोहोंचा जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.